माझ्याच नावाचा फोन

नाकाडोंगरी
दि. १६ डिसेंबर २०२५

चि. तृप्तीस बाबाचा सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, नोव्हेंबरच्या सुट्टीत तू लावून दिलेला इंटरनेटचा फोन उत्तम चालतो, फक्त माझ्या हाती चालत नाही. घंटी वाजली की भिंतीवरचा लाल दिवा उघडझाप करतो, तो ओसरीतूनही दिसतो. बत्तीस वर्षं खाणीत काढली, तिथे लाल दिवा लागला की सुरुंग उडणार म्हणून लांब पळायचं. आता लाल दिवा लागला की घरात धावायचं. पाय अजून गोंधळतात.

धावत जाऊन उचलतो, पण बोलणारं माणूस कोण ते कळत नाही. तुला ठाऊक आहे, मला आवाज येतो, शब्द येत नाहीत. ड्रिल मशीननं शब्द खाल्ले आणि घरघर तेवढी मागे ठेवली. कानातलं यंत्र लावलं तर ती घरघरच मोठी होते, म्हणून ते डबीत पडून आहे. तेव्हा मी आपला सगळ्यांना एकच सांगतो, बरं आहे, जेवण झालं, तू जेवलीस का. गेल्या बुधवारी असाच पाच मिनिटं बोललो, लाखोळीची भाजी कशी झाली तेही सांगितलं. शेजारचे लक्ष्मणराव बसले होते, त्यांनी फोन कानाला लावून पाहिला तर ती विमा विकणारी बाई निघाली. लक्ष्मणराव म्हणाले की, यादोराव, आता थे बाई तुमाले कंदी फोन नाही करत. हे ते आता गावभर सांगत फिरतात.

रविवारी संध्याकाळी सातच्या सुमारास एक फोन येतो, त्यात तर घरघरही नसते. मी बरं आहे, जेवण झालं म्हणतो, जरा वेळ धरून ठेवतो, मग ठेवून देतो. कंपनीवाले लाइन तपासत असतील.

लक्ष्मणरावांच्या घरच्या ललिताबाई सांगत होत्या की त्यांच्या बहिणीकडे तुमसरला अशाच फोनवर फोन करणाऱ्याचं नाव टीव्हीवर येतं. ते मला करून दे. समोर कोण आहे हे कळलं तर माझं मी बोलेन. समोरच्यानं ऐकावं आणि उत्तर पत्रानं द्यावं.

हसण्यावारी लिहितो आहे, पण गोष्ट हसण्याची नाही. तुझी आई घरामागच्या वाडीत पडली ती उठलीच नाही, त्या दुपारी घरात घंटी वाजत होती आणि मी ओसरीत सायकलचं चाक खोलून बसलो होतो. तशी एकही घंटी आता मला सोडायची नाही. तुझा दादा दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. तो फोन करील अशी आशा मी धरत नाही. पण त्यानं केलाच, आणि मी त्याला विमावाला समजून ठेवून दिला, तर मला स्वतःला माफ करता येणार नाही.

जेवण वेळेवर करत जा. माझ्यावर लोभ आहेच, तो टपालानं थोडा जास्त पाठवला तरी मी परत करणार नाही.

तुझा बाबा,
यादोराव

*

नाशिक
दि. २३ डिसेंबर २०२५

ती. बाबांस,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुमचं पत्र काल मिळालं. विम्याच्या बाईचं वाचून मी वॉर्डात एवढी हसले की सात नंबरच्या आजीबाई उठून बसल्या आणि काय झालं म्हणून विचारू लागल्या. त्यांनाही वाचून दाखवलं. बाबा, लाखोळीची चव तुम्ही त्या बाईला सांगितली आणि मला मात्र एक जुडीही नाही, याचा मला राग आलेला आहे, तो पत्रात दिसावा म्हणून मुद्दाम लिहिते.

कंपनीला विचारलं. ते म्हणाले, ज्याच्या कागदांवर नंबर घेतलेला असतो त्याचं नाव आपोआप येतं, आपण फक्त बटण चालू करायचं. टीव्हीच्या मोठ्या रिमोटला हात लावू नका. इंटरनेटच्या डब्याबरोबर आलेला छोटा काळा रिमोट घ्या आणि घराचं चित्र असलेलं बटण दाबा. मग उजवीकडे सरकत राहा, दातेरी चाकाचं चित्र येईल. चाकं तुम्हाला मी काय सांगणार. त्यात फोन असं लिहिलेलं आहे, आणि फोनच्या आत नाव दाखवणे. त्यापुढे एक पांढरा ठिपका डाव्या बाजूला आहे, तो दाबला की उजवीकडे जाऊन निळा होतो. निळा झाला की काम झालं. अडलं तर लक्ष्मणरावकाकांना बोलावू नका, ते एकाच वेळी सगळी बटणं दाबतात. ललिताकाकूंना बोलवा.

चार जानेवारीला, रविवारी, मला ड्यूटी नाही. बरोबर दहा वाजता मी फोन करीन. बातम्या लावून बसा म्हणजे पडद्यावर नाव आलेलं दिसेल. उचला आणि बोला, मी ऐकते.

दादाबद्दल एकच लिहिते. घरचा हा नवीन नंबर मी त्याला नोव्हेंबरातच दिला आहे. त्यानं तो लिहून घेतला, नको म्हणाला नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, आणि थंडीत अंगणात उघड्या डोक्यानं बसू नका.

मी इथे बरी आहे. तुमचा लोभ कमी पडत नाही, फक्त भाजी कमी पडते.

तुमची,
तृप्ती

*

नाकाडोंगरी
दि. १२ जानेवारी २०२६

चि. तृप्तीस बाबाचा सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

पत्र त्याच दिवशी लिहायला घेतलं होतं, पण अक्षर असं आलं की मलाच वाचवेना. आज लिहितो. तृप्ती, विनोदचा फोन आला.

तुझ्या सांगण्याप्रमाणे ठिपका निळा केला. ललिताबाईंनाही बोलावलं नाही, एकट्यानं केला. चार तारखेला दहाला टीव्हीसमोर बसलो. दिवा लागला आणि बातम्यांच्या वर इंग्रजी अक्षरांत नाव आलं, विनोद यादोराव नंदागवळी. मी तुझं नाव वाचायला बसलो होतो. दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं, मग उचललं. त्याला काय बोललो ते इथे लिहीत नाही, ते त्याचं आणि माझं आहे. खूप वेळ बोललो. त्यानं फोन ठेवला नाही. शेवटी शेवटी त्याच्याकडून बारीक घरघर येत होती, तो रडत असावा असं मला वाटलं. लहानपणीही तो आवाज न करता रडायचा.

तुला त्याच वेळी लाइन लागली नसेल. रागावू नको, तुझी वेळ दादानं घेतली असं समज. त्या दिवशी मी भात जास्त लावला आणि लक्ष्मणरावांना जेवायला बोलावलं. ते म्हणाले की तुमचं तोंड पाहून असं वाटून राहिलं का घरी पाहुणे आले.

आता एक तक्रार, ती कंपनीला कळव. यंत्रात बिघाड आहे. त्याच रविवारी संध्याकाळी सातला दिवा लागला आणि पडद्यावर माझंच नाव आलं, यादोराव नंदागवळी. मी घरात बसलेलो, फोन समोर ठेवलेला, आणि फोन करणाराही मीच. मी काही उचलला नाही. काल रविवारी पुन्हा तेच. दिवा मोजून चौदा वेळा लागला आणि विझला, पाच मिनिटांनी पुन्हा चौदा वेळा. लक्ष्मणराव म्हणतात की उचलून पाहा, तुमी तुमाले काय सांगून राहिले ते तरी कळन. त्यांना मस्करी सुचते. पण चालू यंत्रात असा दोष ठेवू नये, तो वाढत जातो, हे मला खाणीतून माहीत आहे.

दादाला पत्र लिहिशील तर बाबा खुश आहे एवढं लिही. तुझ्या लोभानं हे सगळं झालं, तेव्हा तो असाच चालू ठेव.

तुझा बाबा,
यादोराव

ता. क. लाखोळी वाळवून पाठवली आहे. आता राग उतरला असेल.

*

नाशिक
दि. १८ जानेवारी २०२६

प्रिय दादास,
तृप्तीचा सप्रेम जयभीम वि. वि.

फोनवर बाबांचा विषय काढला की तुझ्याकडे नेमकं नेटवर्क जातं. पत्राचं नेटवर्क जात नाही, म्हणून चार पानं लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच.

बाबांनी फोनवर नाव दिसण्याची सोय करून घेतली. चार तारखेला दहा वाजता ती तपासायला मी फोन केला. बाबांनी उचलला आणि मी काही म्हणायच्या आत म्हणाले की, विनोद, बोलू नको, मले ऐकू येत नाही, तू फक्त ठेवू नको. मला वाटलं त्यांचा काही घोटाळा होतो आहे. परवा त्यांचं पत्र आलं तेव्हा कळलं, टीव्हीवर तुझंच नाव आलं होतं. माझं सिम तुझ्या कागदांवर आहे, दादा. नर्सिंगला निघाले तेव्हा मी अठराची नव्हते आणि तू भंडाऱ्याला मला ते काढून दिलं होतंस. मी साफ विसरले होते.

ते जे बोलले ते तुझं आहे आणि ऐकलं मी, म्हणून ते तुला पोचवते. ते म्हणाले, आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तू बोललास ते खोटं नव्हतं. घंटी वाजत होती आणि ते बसून होते. ऐकू येत नाही हे त्यांना त्याच्या तीन वर्षं आधी कळलं होतं, पण लाज वाटून कोणाला सांगितलं नाही, आईलाही नाही. आई वाडीतून काही बोलली की ते नुसती मान हलवायचे. तिला शेवटपर्यंत वाटत होतं की हाक मारली की हा माणूस येईल. मी फोन धरून होते. मग म्हणाले की तुझ्यावर त्यांचा राग कधी नव्हता, त्यांना तुला तोंड दाखवायची हिंमत नव्हती. तुझा धम्मदीप केवढा झाला असं विचारलं, आणि उत्तर ऐकू येणार नाही हे आठवून म्हणाले की पत्रात लिही, मी दाराच्या चौकटीवर खूण करून ठेवतो.

दादा, त्या दिवशी विहारात सगळ्यांसमोर तू ते वाक्य बोललास, पण बाबांना ते ऐकू आलं नव्हतं. त्यांनी मला विचारलं, काय म्हणून राहिला तो. आणि मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं ते पुन्हा सांगितलं, घंटी वाजून राहिली होती अन् तुमी बसून होते. तू एकदा बोललास. त्यांच्यापर्यंत पोचवलं ते मी. दोन वर्षं हे मी कोणाला बोलले नाही.

चार तारखेनंतर मी बाबांना फोन केलेला नाही आणि आता करूही शकत नाही, कारण माझा प्रत्येक फोन म्हणजे तुझा फोन होणार. ते आनंदात आहेत. भात जास्त लावून लक्ष्मणरावकाकांना जेवू घातलं म्हणे. हे खोटं मी किती दिवस सांभाळू ते मला कळत नाही. तू खरोखर एक फोन केलास तर ते खोटं राहणार नाही.

बाकी ठीक. त्यांचं ते यंत्र मात्र बिघडलं आहे, रविवारी संध्याकाळी सातला पडद्यावर बाबांचं स्वतःचंच नाव येतं आणि ते मुळीच उचलत नाहीत. कंपनीला कळवायचं आहे. प्रतिक्षावहिनीला जयभीम सांग, धम्मदीपला पापा दे. तुझा लोभ आहे हे मला माहीत आहे, पण एकदा तसं वागून दाखव.

तुझी,
तृप्ती

*

भिलाई
दि. २५ जानेवारी २०२६

प्रिय तृप्तीस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र जेवताना उघडलं, ताट तसंच राहिलं. प्रतिक्षानं पत्र हातातून घेतलं आणि तीही वाचत उभीच राहिली.

कंपनीला काही कळवू नको. यंत्र बिघडलेलं नाही. रविवारी सातला फोन करणारा मी आहे.

तू नंबर दिलास त्या आठवड्यापासून करतो आहे. बाबा उचलायचे आणि म्हणायचे, बरं आहे, जेवण झालं, तू जेवलीस का. ते तुला समजून बोलतात हे कळत होतं. मला तेवढं पुरत होतं. मी काही बोलायचो नाही, बोलण्यासारखं तोंडात यायचंच नाही. नवीन वर्ष लागलं आणि त्यांनी उचलणं बंद केलं. त्याच सुमारास तू मला म्हणाली होतीस की बाबांच्या टीव्हीवर आता नाव दिसतं. मग मी काय समजायचं. मला वाटलं माझं नाव पाहून ते बसून राहतात. अकरा तारखेच्या रविवारी दोनदा करून पाहिला आणि प्रतिक्षाला म्हणालो की आता बस झालं, त्यांना नको आहे.

माझं सिम बाबांच्या कागदांवर आहे, तृप्ती. २००९ साली इथे अप्रेंटिसला निघालो तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. तुमसरला दुकानात बाबांनी स्वतःच्या कागदांवर ते घेतलं आणि फॉर्मवर आपल्या खाणीच्या पासावरचा फोटो उपटून चिकटवला. त्यापायी दुसऱ्या दिवशी त्यांना फाटकावर अडवलं होतं. पुढे कंपनी बदलली, हँडसेट बदलले, नंबर तोच ठेवला. तो आपल्या नावावर करून घ्या म्हणून प्रतिक्षानं किती वेळा सांगितलं. वेळ नाही म्हणत राहिलो. दोन वर्षं बाबांशी बोललो नाही, पण तो नंबर काही सोडवला नाही.

तू कानाशी बोललीस ते मनातून काढून टाक. वाक्य माझं होतं. आणि त्याच्या मागचं खरं मी कोणालाच सांगितलेलं नाही. त्या दुपारी मी सात वेळा फोन केला तो काळजीनं नाही. त्या रविवारी येतो म्हणून आईला सांगितलं होतं, ते जमत नाही एवढं सांगून मोकळं व्हायचं होतं. आईनं वाल तोडून ठेवू नयेत म्हणून. ती वाल तोडायलाच वाडीत गेली होती. हे मला सहन झालं नाही आणि मी सगळं बाबांच्या अंगावर टाकलं.

बाबांना आजच वेगळं पत्र टाकतो आहे. सगळं लिहितो, दहा वाजता कोण होतं तेही. तू खोटं सांभाळत बसू नको. पुढच्या रविवारी सातला फोन करतो असंही लिहितो, आणि सिम आता माझ्या नावावर करून घेतो म्हणजे पडद्यावर माझं नाव दिसेल.

माझा लोभ वागण्यात दिसत नाही हे तू खरं लिहिलंस. सुधारतो.

तुझा,
दादा

*

नाकाडोंगरी
दि. ३ फेब्रुवारी २०२६

चि. विनोदास बाबाचा सप्रेम जयभीम आणि खूप खूप आशीर्वाद. सौ. प्रतिक्षास व चि. धम्मदीपास आशीर्वाद.

दोन वर्षांनी पाकिटावर तुझा पत्ता लिहिला. पिनकोड अजून पाठ आहे.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. ओसरीत वाचलं, मग वाडीत जाऊन वाचलं. दहा वाजता तृप्ती होती हे वाचून आधी मला लाज वाटली, पोरीसमोर एवढं बोलून बसलो म्हणून. मग वाटलं, तिलाही ते कळायला हवंच होतं, आणि एरवी मी कधी बोललो नसतो. तिला वेगळं पत्र लिहिलं आहे.

तू त्या दुपारी येत नाही हे सांगायला फोन करत होतास, हेही वाचलं. अरे बाबा, पोरं येतो म्हणतात आणि नाही येत, ते प्रत्येक घरी चालतं. तुझा फोन तिनं उचलला असता तर जरा फणकारली असती आणि वाल तरीही तोडायला गेली असती, पुढच्या रविवारी तू येशील म्हणून. तिला मी ओळखतो. तेव्हा ते तू मनावर ठेवू नको. माझं मी ठेवलं आहे, दोघांनी कशाला.

परवा रविवारी माघ पौर्णिमा होती. विहारात वंदना झाली, खीर वाटायच्या आत मी निघालो, लक्ष्मणराव मागून आले. सहा वाजल्यापासून फोनशेजारी बसलो. लक्ष्मणराव म्हणाले की यंत्र बिघडलं आहे ना, मग कायले बसून राहिले. त्यांना सांगितलं, बिघडलेलं यंत्र नव्हतं, गप्प बसा. सातला तीन मिनिटं कमी असताना दिवा लागला. टीव्हीवर माझं नाव आलं. पहिल्याच दिव्याला उचललं आणि विनोद म्हणालो.

तू बोललास ते ऐकू आलं नाही, पण या वेळी घरघर होती. आधी जाड आली, ती तुझी. मग बारीक आली आणि ती थांबेचना. तो धम्मदीप असणार. मी त्याला त्याची आजी वाडीत काय काय लावायची ते सांगितलं, आणि तोही माझं न ऐकता आपलंच बोलत होता असं वाटलं. तो काय काय म्हणाला ते सगळं लिहून पाठव, एकही गोष्ट गाळू नको. त्याची उंची मात्र लिहू नको, तीन फूट काही इंच मला कागदावर नको आहे. बावीस तारखेला तुझ्या आईला दोन वर्षं होतात, रविवारच आहे. घेऊन ये त्याला. चौकटीजवळ उभा करून खूण करू. तुझ्या खुणा अजून तिथेच आहेत, रंग देताना मी तेवढी पट्टी सोडली होती.

वाडीत वाल आले आहेत. तोडत नाही, तुम्ही आल्यावर तोडू.

लोभ होताच, वाट सापडत नव्हती. आता सापडली आहे तर रविवार चुकवू नको.

तुझा बाबा,
यादोराव

ता. क. सिम तुझ्या नावावर करून घेतो असं लिहिलं आहेस, ते करू नको. राहू दे तसंच. रविवारी सातला माझं नाव आलं की माझा पोरगा आहे हे आता मला पाठ झालं. आणि धम्मदीप मोठा होऊन बाहेरगावी निघाला की त्याचं सिम तू तुझ्या कागदांवर काढ. मग एखाद्या संध्याकाळी तुझ्या घरी तुझंच नाव दिसेल. बिघाड समजून बसून राहू नको, लगेच उचल.